व्रत आणि देह : निर्दुग्ध आहाराविषयी काही आचारविचार

आहाराचा प्रश्न वरवर पाहता पोटाचा वाटतो. वस्तुतः तो आचाराचा आहे, आणि आचाराचा प्रश्न आला की त्यामागोमाग विचार हा आलाच. आपल्या मार्गात मद्यमांसाचा त्याग उपदेश घेणाऱ्यासाठी पहिल्या पायरीवरच ठरून गेलेला असतो. त्याविषयी नव्याने वाद घालण्याचे प्रयोजन नाही. परंतु अलीकडे काही उपदेशी मंडळी, त्यांतही तरुण मंडळी, याच्या पुढचा प्रश्न विचारू लागली आहेत. मांस सोडले, मग दूध, दही, तूप, मध हेही प्राण्यांपासूनच घेतले जातात, तेही सोडावेत काय? आणि सोडलेच तर ज्या देहाने स्मरण, सेवा, अटन करावयाचे, तो देह कसा राखावा? या दोन प्रश्नांपैकी पहिला तत्त्वाचा व दुसरा व्यवहाराचा असे समजून बहुतेक लोक पहिल्यावर पुष्कळ बोलतात आणि दुसरा स्वयंपाकघरावर सोपवितात. आमच्या मते ही विभागणीच चुकीची आहे, आणि तेच या लेखात दाखवावयाचे आहे.

अशा आहारास आज जगात ‘व्हीगन’ असे नाव आहे. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. आपल्या देशात भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली अशा पदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले व त्यांच्या वेष्टनासाठी हिरवे चिन्हही ठरवून दिले. तेव्हा हा विषय आता चार हौशी माणसांचा राहिलेला नाही. आपण त्यास निर्दुग्ध आहार असे म्हणू.

विचारासाठी रायगडचा किनारा समोर ठेवू. उरण-रेवसपासून अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वरापर्यंतची ही पट्टी आहे. देशावरचा मनुष्य मांस सोडतो तेव्हा बहुधा सणावारी येणारा एक पदार्थ सोडतो. किनाऱ्यावरचा मनुष्य मासळी सोडतो तेव्हा त्याच्या रोजच्या ताटाचा मध्यच रिकामा होतो. तो रिकामा भाग सामान्यतः दूधदह्याने भरला जातो. आता त्याने दूधही सोडले तर ताटात काय उरले, हा प्रश्न तेथे जितक्या उघडपणे समोर येतो तितका अन्यत्र येत नाही. म्हणून या व्रताची खरी परीक्षा तेथेच आहे.

प्रथम पूर्वपक्ष पाहू. दुग्धत्यागाचे विरोधक म्हणतात की दूध हे हिंसेने मिळत नाही. गाय दूध देते तेव्हा ती मरत नाही. वासरू पिऊन उरलेले दूध मनुष्याने घेतले तर त्यात दोष कसला? शिवाय श्रीकृष्ण भगवंतांच्या गोकुळातील लीळा दूध, दही, लोणी यांनी भरलेल्या आहेत. त्यास दूषित कसे म्हणावे? हा आक्षेप टाकाऊ नाही. ज्या घरी दोन गाई आहेत, वासरू पोटभर पिते, भाकड गाय मरेपर्यंत दावणीला राहते, त्या घरच्या वाटीभर दुधास हिंसा म्हणणे ही अतिशयोक्ती होईल.

परंतु उत्तरपक्ष असा की, आज पिशवीतून येणारे दूध बहुतांशी त्या दावणीचे नाही. दूध धंदा झाला की वासरू हा खर्च ठरतो. नर वासरू दूध देत नाही, आणि नांगर ट्रॅक्टरने ओढला जाऊ लागल्यावर त्याचा शेतीतील उपयोगही उरत नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या कायदेदुरुस्तीने बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. परंतु म्हैस त्या बंदीत येत नाही, आणि आपल्याकडील दुधाचा फार मोठा वाटा म्हशीचाच आहे. रेडकाचे पुढे काय होते, हे दुधाच्या पिशवीवर लिहिलेले नसते. तेव्हा गोकुळाचा दाखला देऊन आजच्या धंद्याचे समर्थन करणे म्हणजे नामसाम्यावरून वस्तुसाम्य मानणे होय. आश्रयास आलेल्या सशास सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी पारध्यांपासून राखले, ही लीळा आपण ऐकतो. त्या लीळेचा बोध सशापुरता नाही. जो जीव आपल्या शब्दावर, आपल्या ताटावर, आपल्या पैशावर अवलंबून आहे, तो आपल्या आश्रयासच आलेला आहे, असा तिचा विस्तार केल्यास तो अनुचित होणार नाही.

येथे कोणी अशी शंका घेईल की, वनस्पतीतही जीवन आहे. मग भाजी तोडणाऱ्याने रेडकाविषयी का बोलावे? याचे उत्तर सोपे आहे. सर्व हिंसा टाळणे देहधारी मनुष्यास शक्य नाही. म्हणून टाळता येण्याजोगी हिंसाही टाळू नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आणि जनावर पोसण्यास चारा, पेंड व धान्य लागतेच. तेव्हा प्राणिज आहार घेणारा वनस्पतींची हिंसा वाचवितो असेही नाही.

तात्पर्य, दुग्धत्याग ही सर्वांस लागू होणारी आज्ञा नव्हे. मार्गाने ती तशी घातलेली नाही, आणि आम्ही ती घालू इच्छीत नाही. परंतु तो विचारांती घेता येण्याजोगा, अहिंसेच्या दिशेनेच जाणारा नेम आहे. ज्याची वृत्ती त्या बाजूस वळली आहे त्याची थट्टा करू नये. मात्र येथूनच खरा प्रश्न सुरू होतो.

महात्मा गांधींचे उदाहरण या बाबतीत अत्यंत बोधप्रद आहे, आणि त्याचा एक धागा रायगड जिल्ह्याशी जोडलेला आहे. गाई-म्हशींचे दूध अखेरच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी त्यांचा जो छळ केला जातो त्याचे वर्णन वाचून गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे १९१८ साली खेडा जिल्ह्यात फिरत असता त्यांचा आहार मुख्यत्वे भुईमुगाचे लोणी आणि लिंबू असा एकांगी झाला होता. त्यानंतर त्यांस आमांशाचा भयंकर विकार जडला. प्रकृती सुधारावी म्हणून ते माथेरानास आले. परंतु तेथील जड पाणी मानवले नाही व आठवडा पुरा होण्यापूर्वीच त्यांस खाली उतरावे लागले. मुंबईस डॉक्टर दलाल यांनी दुधाचा आग्रह धरला. गांधी व्रताकडे बोट दाखवीत राहिले. तेव्हा कस्तुरबांनी सुचविले की, व्रत गाई-म्हशींच्या दुधाचे आहे, शेळीच्या नव्हे. गांधींनी ते मान्य केले. पुढे आत्मकथेत त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की, यात व्रताचे अक्षर राहिले व आत्मा गेला. आणि त्याची टोचणी त्यांच्या मनातून कधी गेली नाही. १९४२ साली आगाखान राजवाड्यात कैदेत असता आरोग्याविषयी लिहितानाही दुधाची जागा घेणारा वनस्पतिज पदार्थ आपणास सापडला नाही, ही खंत त्यांनी नोंदविली.

या वृत्तांतातून लोक दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष काढतात. एक पक्ष म्हणतो, एवढ्या दृढनिश्चयी पुरुषासही दुधावाचून राहता आले नाही, तेव्हा हे व्रतच अशक्य आहे. दुसरा म्हणतो, त्यांनी शेळीचे दूध घ्यावयास नको होते, देह गेला असता तरी चालले असते. आम्हांस दोन्ही निष्कर्ष अमान्य आहेत. त्यांचा आमांश दूध सोडल्यानेच झाला असे म्हणता येणार नाही. परंतु सोडलेल्या वस्तूच्या जागी काय यावे याची पुरती व्यवस्था त्या आहारात नव्हती, आणि रोगाने गाठल्यावर देहापाशी साठा नव्हता, एवढे तर दिसतेच. व्रताचा संकल्प दृढ होता. व्रताची दिनचर्या दुबळी होती. संकल्प एका क्षणात होतो. परंतु तो टिकतो रोजच्या भातावर, भाकरीवर आणि भाजीवर. म्हणूनच आम्ही वर म्हटले की, दुसरा प्रश्न पहिल्यापासून वेगळा काढता येत नाही.

शिवाय मनुष्यदेह म्हणजे काय, याचाही विचार केला पाहिजे. पशुदेह भोगासाठी आहे. मनुष्यदेहातच जीवास आचार करता येतो. असा दुर्मिळ देह हलगर्जीपणाने झिजविणे यास वैराग्य म्हणता येत नाही. रेडकाविषयी करुणा आणि स्वतःच्या देहाविषयी निष्काळजीपणा, ही अर्धी अहिंसा झाली. वैराग्य भोगाचे असावे. साधनाचे असू नये.

आता व्यवहार पाहू. रायगडच्या किनाऱ्यास या बाबतीत परक्या वस्तूंची फारशी गरज नाही. तेथील जुने स्वयंपाकघर पाहिले तर निर्दुग्ध आहाराचा मोठा भाग तेथे आधीच तयार आहे.

मासळीने जे प्रथिन मिळत होते ते कडधान्याने भरून काढावे. रायगडचे कडवे वाल त्यासाठी प्रसिद्धच आहेत. वाल रात्री भिजवावेत, पाणी टाकून द्यावे, फडक्यात बांधून मोड आणावेत, सोलावेत आणि नीट शिजवून त्यांचे बिरडे करावे. भिजविल्याने व मोड आणल्याने ते पचनास हलके होतात आणि त्यांतील लोह शरीरास अधिक लागू पडते. भातातील प्रथिनात जो अंश उणा असतो तो कडधान्यात असतो, व कडधान्यात जो उणा तो भातात असतो. म्हणून वाल-भात किंवा कुळथाचे पिठले व तांदळाची भाकरी ही जोडी पूर्वजांनी घातली ती योग्यच होती. परंतु आठवड्यातून एकदा बिरडे आणि बाकीचे सहा दिवस आमटीचे पाणी, याने काम भागत नाही. दोन्ही जेवणांत कडधान्य वा डाळ दाटपणे असावी.

दुधाने जो कॅल्शियम मिळत होता त्यासाठी नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतो. तेवढ्याच वजनाच्या गाईच्या दुधात तो साधारण एकशेवीस असतो. नाचणीतील सर्व कॅल्शियम अंगी लागत नाही हे खरे, तरी रोजची भाकरी किंवा आंबील हा मोठा आधार आहे. त्यास तीळ आणि शेवग्याचा पाला यांची जोड द्यावी. शेवगा परसात सहज येतो. त्याच्या शेंगा लोक खातात आणि पाला टाकून देतात, तो टाकू नये. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी या रानभाज्या फुकट मिळतात. भाजीवर लिंबू पिळावे, कारण आंबट रसाने पालेभाजीतील लोह शोषले जाते. उलट जेवणाबरोबर चहा घेतल्याने ते अडते. म्हणून चहा घ्यावयाचाच तर जेवणापासून तासभर दूर ठेवावा. गवती चहा व आले यांचा काढा दुधावाचून उत्तम लागतो.

येथे एका भ्रमाचा निरास केला पाहिजे. किनाऱ्यावर नारळ मुबलक, म्हणून अनेकांस वाटते की गाईच्या दुधाच्या जागी नारळाचे दूध आले की झाले. नारळाचे दूध हे केवळ नावाने दूध आहे. त्यात प्रथिन व कॅल्शियम अत्यल्प आणि स्निग्धांश पुष्कळ. सोलकढी रुचीसाठी व पाचकतेसाठी घ्यावी. ती पोषणाचा आधार समजू नये. तसेच पदार्थ प्राणिज नाही एवढ्यावरून तो हितकर ठरत नाही. तळलेला वडा, साखरेचे सरबत, मैद्याची बिस्किटे हीही निर्दुग्ध असू शकतात. हिरवे चिन्ह हिंसेविषयी काही सांगते. आरोग्याविषयी काही सांगत नाही.

दुसरा भ्रम मिठाचा आहे. पेण-उरणच्या बाजूस मिठागरे आहेत. समुद्राचे जाडे मीठ शुद्ध आणि म्हणून श्रेष्ठ, अशी समजूत आहे. परंतु त्या मिठात आयोडीन जवळजवळ नसते. मासळी खाणाऱ्यास ते मासळीतून मिळत असे. मासळी आणि दूध दोन्ही सोडणाऱ्याने आयोडीनयुक्त मीठच वापरावे. अन्यथा गलग्रंथीचा विकार संभवतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बी-१२ या जीवनसत्त्वाची. हे जीवनसत्त्व सूक्ष्म जंतू निर्माण करतात. ते प्राणिज पदार्थांत साठते, परंतु धान्य, कडधान्य, भाजी, फळ यांत विश्वसनीय प्रमाणात मिळत नाही. ते शुद्ध स्वरूपात प्रथम १९४८ साली वेगळे केले गेले, म्हणजे ज्या वर्षी गांधींचा देह पडला त्याच वर्षी. गांधींपुढे जे ज्ञान नव्हते ते आपल्यापुढे आहे. म्हणून आपली जबाबदारीही अधिक आहे. रोजची गरज अवघी दोन ते अडीच मायक्रोग्रॅमची, परंतु ती चुकली तर रक्त क्षीण होते, हातापायांस मुंग्या येतात, तोल जातो, स्मरणशक्ती मंदावते. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरतो. म्हणून व्रत घेतल्यावर पहिली दोन-तीन वर्षे काहीच त्रास होत नाही, आणि मनुष्य समजतो की आपणास या गोष्टीची गरजच नाही. जेव्हा लक्षण दिसते तेव्हा मज्जातंतूंची हानी कधीकधी भरून न येण्याजोगी झालेली असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याभोवतीच्या खेड्यांतील माता व बालके यांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. त्या स्त्रियांनी दूध सोडण्याचे व्रत घेतलेले नव्हते. जेथे दूध घेणाऱ्यांची ही स्थिती, तेथे दूध सोडणाऱ्याने किती सावध असावे हे निराळे सांगावयास नको.

यावर उपाय सोपा आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ ची गोळी नेमाने घ्यावी व वर्षातून एकदा रक्त तपासून पाहावे. परंतु येथेच अनेक व्रतस्थ अडतात. ते म्हणतात, जो आहार निसर्गसिद्ध आहे त्यास गोळीची जोड कशाला? गोळी घ्यावी लागली तर व्रत अपुरे असे सिद्ध होते. हा आक्षेप वस्तुतः अभिमानाचा आहे. हे जीवनसत्त्व जंतूंच्या किण्वनाने तयार होते. त्यासाठी प्राण्यास पीडा होत नाही. कॅप्सूलच्या वेष्टनात मात्र जिलेटिन असू शकते, म्हणून साधी गोळी पाहून घ्यावी. ज्या व्रताचा हेतू जीवास पीडा न देणे हा आहे, त्यास ही गोळी बाधक नाही; ज्या व्रताचा हेतू ‘मला कशाचीच गरज नाही’ हे दाखविणे आहे, त्यास ती अवश्य बाधक आहे. आणि मग त्या व्रताचीच तपासणी करावी.

यावरून एक क्रम सुचतो. सकाळी कोवळ्या उन्हात थोडे श्रम करावेत वा चालावे, पण ड-जीवनसत्त्वासाठी अंगावर काही वेळ वर आलेले ऊनही पडू द्यावे, न्याहारीस नाचणी, दुपारी भात, दाट कडधान्य, पालेभाजी, लिंबू, मधल्या वेळी शेंगदाणे, तीळगूळ वा ऋतूचे फळ, रात्री लवकर, हलके, परंतु डाळीवाचून नव्हे. वाटीभर जवसाची चटणी करून ठेवावी; मासळीतून मिळणाऱ्या स्निग्धांशाची काहीशी भरपाई तिने होते. हा क्रम नीरस वाटेल. परंतु नेम हा नीरस असूनच टिकतो. ज्याला रोज नवे रुचकर पक्वान्न हवे, त्याने दूध सोडले तरी रसना सोडलेली नाही.

गर्भवती, स्तनदा, लहान मुले, वृद्ध व रोगी यांच्यावर हा नेम लादू नये. त्यांनी स्वतः इच्छिला तरी वैद्याच्या देखरेखीवाचून घेऊ नये. बापाने व्रत घ्यावे आणि लेकराने अशक्त व्हावे, हे पुण्य कोणाच्या खाती जमा होणार?

भिक्षुकांचा प्रश्न वेगळा आहे. भिक्षेचा धर्म असा की, मिळेल ते घ्यावे, चवीसाठी घर निवडू नये, दात्यास भार होऊ नये. आता निर्दुग्ध नेम घेतलेल्या भिक्षुकाच्या झोळीत एखाद्या माउलीने दहीभात घातला तर काय करावे? आमच्या मते त्याने आधीच नम्रपणे कोरडी भाकरी मागावी; परंतु आपल्यासाठी वेगळे रांधण्यास सांगू नये. आणि न कळत झोळीत पडलेच, तर तिच्यासमोर ते टाकून तिचे मन दुखवू नये. जे अन्न मागून, सांगून, विकत घेऊन येते त्याने मागणी वाढते. जे शिजलेले, उरलेले, न मागता आले त्याने ती वाढत नाही. हा भेद लक्षात ठेवला तर भिक्षा आणि अहिंसा यांत विरोध राहत नाही. परंतु या सवलतीचा आधार घेऊन जो मनातून दहीभाताची वाट पाहू लागेल, त्याने शेळीच्या दुधाची गोष्ट आठवावी.

शेवटचा विचार वाणीचा. किनाऱ्यावर आपला शेजारी कोळी आहे. समुद्र ही त्याची शेती आहे; त्याच्या जिवावर बेतणारे श्रम आपण केलेले नाहीत. जून-जुलैतील मासेमारीबंदीत तो होडी ओढून ठेवतो, तेव्हा त्याच्या घरी रोजगार थांबतो. आपल्या व्रताने आपला रोजगार थांबत नाही. त्यास पापी म्हणून आपण काय मिळविले? एक मासा वाचविला नाही, आणि एका जीवास शब्दाने दुखविले. अहिंसा कायिक, वाचिक, मानसिक अशी तीन प्रकारची आपण सांगतो. ताटातील हिंसा सोडून जिभेवरील हिंसा वाढविली तर हिशेब पूर्वीपेक्षा वाईटच झाला. ज्याने आपल्या आचाराकडे पाहून स्वतः विचारले त्यास सांगावे. न विचारणाऱ्यास आपल्या निरोगी, प्रसन्न, श्रमक्षम देहानेच काय ते सांगू द्यावे. अशक्त व चिडखोर व्रतस्थ पाहून कोणीही अहिंसेकडे वळत नाही.

म्हणून ज्यांस दूध सोडावयाचे आहे त्यांनी संकल्पापूर्वी एक महिना आपले ताट पाहावे. कडधान्य रोज दाट आहे काय, नाचणी व पालेभाजी आहे काय, मीठ कोणते आहे, गोळीची व्यवस्था झाली काय, घरातील स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीस हा नेम मान्य आहे काय, की तिच्या श्रमावर आपण पुण्य करणार आहोत? याची उत्तरे समाधानकारक आली तर संकल्प करावा. न आली तर आधी ती व्यवस्था करावी, मग दूध सोडावे. उशीर झाला तरी चालेल. अर्ध्यात मोडलेले व्रत मनास जी टोचणी लावते ती वर सांगितलेल्या थोर पुरुषासही जन्मभर पुरली.

सर्व साधनवंतांस दंडवत प्रणाम.